श्वासाची शिल्लक

मराठीत 'बुडणे' या क्रियापदाला चांगला अर्थ जवळजवळ नाहीच. कर्ज बुडते, पतपेढी बुडते, मुलगा शाळा बुडवतो आणि ऋणको एकदा बुडी मारून बसला की वसुली अधिकाऱ्याच्या सात पिढ्यांना सापडत नाही. बुडत्याचा पाय खोलात, ही म्हण तर आपण येता-जाता वापरतो. छत्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माझ्यासारख्या माणसाने 'बुडीत' हा शब्द कधी आनंदाने लिहिल्याचे स्मरत नाही. असे असूनही गेल्या दहा-पंधरा वर्षांत मराठी माणूस हौसेने, पैसे मोजून आणि रांगेत उभा राहून बुडू लागला आहे. नाताळच्या किंवा दिवाळीच्या सुटीत मालवणला जाऊन पाहावे. सातारा, नाशिक, नगर, लातूरकडच्या गाड्यांची रांग लागलेली असते. ज्यांच्या घराण्यात कुणी गुडघ्याच्या वर समुद्रात गेले नव्हते अशी माणसे पाठीवर सिलिंडर बांधून सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाण्याखाली जात असतात. या खेळाला 'स्कूबा' म्हणतात हे आता ड्रायव्हरपासून आजीपर्यंत सर्वांना ठाऊक आहे.

मला या गोष्टीचे कौतुक आहे. सांगायचे आहे ते त्या कौतुकाच्या पुढचे. पाण्याखाली माणूस श्वास घेतो तो काही नियमांच्या जोरावर. ते नियम पदार्थविज्ञानाचे आहेत. त्यांत ओळख, वशिला किंवा सणासुदीची सवलत चालत नाही. ते समजून घ्यायला शाळेतले विज्ञान आणि पासबुक वाचता येण्याइतके गणित पुरते. आपल्याकडे मात्र पर्यटक दर विचारतो, व्हिडिओ मिळेल का विचारतो आणि नियम विचारायचे विसरतो.

स्कूबा हे मुळात आद्याक्षरांचे नाव: सेल्फ कन्टेन्ड अंडरवॉटर ब्रीदिंग अ‍ॅपरेटस. स्वतःची हवा स्वतःबरोबर नेण्याचे साधन. पाणबुडे पूर्वीही होते. पण त्यांना वरच्या नौकेतून नळीने हवा पुरवावी लागे. १९४३ साली फ्रान्समध्ये जाक कुस्तो हा नौदल अधिकारी आणि एमिल गान्यान हा अभियंता या दोघांनी तो पाश तोडला. गान्यानची मूळ झडप होती मोटारीसाठी. युद्धामुळे पेट्रोल मिळेना, तेव्हा मोटारी गॅसवर चालवण्याचे प्रयोग सुरू होते आणि इंजिनाला लागेल तेवढाच गॅस सोडणारी झडप त्याने बनवली होती. (आपल्याकडेही त्या काळात कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारी होत्याच.) इंजिनाला जे जमते ते माणसाच्या फुप्फुसाला का जमू नये, या विचारातून पाणबुड्याचा 'रेग्युलेटर' जन्माला आला. माणूस श्वास ओढतो तेव्हाच आणि त्या खोलीवर जेवढा दाब असेल तेवढ्याच दाबाची हवा तो देतो. पुढे याच कुस्तोच्या 'द सायलेंट वर्ल्ड' या चित्रपटाला १९५६ साली कान महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले आणि समुद्राचा तळ ही सामान्य माणसाच्या कुतूहलाची गोष्ट झाली.

आता हिशेब पाहू. समुद्रसपाटीवर आपल्या अंगावर एका वातावरणाचा दाब असतो. पाण्यात दर दहा मीटरला त्यात आणखी एकाची भर पडते. म्हणजे दहा मीटरवर दुप्पट, वीस मीटरवर तिप्पट. नेहमीच्या वापरातला सिलिंडर बारा लिटरचा धरा. त्यात दोनशे बार दाबाने हवा भरलेली असते, म्हणजे साधारण २४०० लिटर. पाण्यावर शांतपणे तरंगताना माणूस मिनिटाला वीस लिटर हवा घेतो असे धरले, तर ती दोन तास पुरेल. दहा मीटरवर तीच हवा एक तास पुरते, वीस मीटरवर चाळीस मिनिटे, तीस मीटरवर अर्धा तास. त्यातही ५० बार हवेला हात लावायचा नाही असा शिरस्ता आहे. बचत खात्यात किमान शिल्लक ठेवावी लागते, तशी ही. फरक इतकाच, की बँकेत किमान शिल्लक मोडली तर दंड बसतो आणि पुढच्या पगाराला भरपाई होते. इथे पगार होत नाही. घाबरलेला माणूस धापा टाकतो आणि दुप्पट वेगाने खर्च करतो. म्हणूनच दाब दाखवणाऱ्या काट्याकडे वारंवार पाहण्याची सवय हे चांगल्या पाणबुड्याचे पहिले लक्षण मानतात.

सिलिंडरमध्ये ऑक्सिजन असतो हा एक सार्वत्रिक गैरसमज. त्यात आपण वर घेतो तीच साधी हवा असते: २१ टक्के ऑक्सिजन आणि बाकी बहुतेक नायट्रोजन. निव्वळ ऑक्सिजन साधारण सहा मीटरच्या खाली दाबामुळे विषारी ठरू लागतो.

दुसरा नियम सर्वांत महत्त्वाचा आहे: श्वास कधीही रोखून धरायचा नाही. विहिरीत पोहायला शिकलेल्या आपल्या पिढीला हे उमजायला जड जाते. आम्ही काठावर छातीभर श्वास घ्यायचो, तोंड मिटायचो आणि सूर मारायचो. त्यात धोका नव्हता, कारण वरून घेतलेली हवा खाली दाबली जाते आणि वर येताना पुन्हा पहिल्याइतकीच होते. स्कूबात माणूस खालीच श्वास घेतो. दहा मीटरवर छाती भरून घेतली आणि तोंड मिटून वर आला, तर ती हवा पृष्ठभागाशी येईतो दुप्पट जागा मागते. फुप्फुस काही दुप्पट होत नाही; ते फाटते आणि हवेचे बुडबुडे रक्तातून थेट मेंदूकडे जाऊ शकतात. यासाठी फार खोल जायला नको. भरल्या छातीने मीटर-दीड मीटर वर येणेही पुरेसे ठरल्याची नोंद वैद्यकात आहे. म्हणजे 'इथे काय, कमरेएवढेच तर पाणी' हे वाक्य निदान स्कूबाच्या बाबतीत कुणी म्हणू नये.

तिसरा नियम नायट्रोजनचा. दाबाखाली तो रक्तात आणि मांसपेशींत विरघळत जातो. सावकाश वर आलो तर श्वासावाटे सावकाश निघून जातो. घाईने आलो तर सोड्याची बाटली उघडल्यासारखे बुडबुडे धरतो. न्यूयॉर्कचा ब्रुकलिन पूल बांधताना नदीच्या तळाशी दाबाच्या हवेने भरलेल्या पेट्यांत मजूर काम करीत. वर आल्यावर ते सांधेदुखीने वाकत, काही लुळे पडत, काही मरत. मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग यालाही १८७२ मध्ये या दुखण्याने अंथरुणाला खिळवले. पूल पूर्ण झाला १८८३ साली आणि मधली वर्षे त्याच्या पत्नीने, एमिलीने, कामावर लक्ष ठेवले. १९०८ साली जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञाने बोकडांवर प्रयोग करून किती खोलीवरून किती टप्प्यांनी वर यावे याची कोष्टके प्रसिद्ध केली. मला ती कर्जफेडीच्या कोष्टकांसारखी वाटतात. नायट्रोजन हे खोलीने दिलेले कर्ज आहे. ते हप्त्यांनी फेडायचे. म्हणून मिनिटाला नऊ मीटरहून जास्त वेगाने वर येऊ नये, पाच मीटरवर तीन मिनिटे थांबावे आणि मगच डोके बाहेर काढावे, असे आज शिकवतात.

याच कर्जाचा एक हप्ता किनाऱ्यावर आल्यानंतरचाही असतो. एकदाच पाण्यात गेलो असलो तर निदान १२ तास आणि अनेकदा गेलो असलो तर निदान १८ तास विमानात बसू नये, असा संकेत आहे. विमानातल्या हवेचा दाब कमी असतो आणि अंगात उरलेला नायट्रोजन तिथे उसळी घेऊ शकतो. आपल्याकडे यात घाटाचीही भर घालायला हवी. हा संकेत साधारण दोन हजार फुटांच्या पुढच्या उंचीला लागू धरतात आणि आंबोली त्याहून उंच आहे. हौशी पर्यटकाची उथळ पाण्यातली पाऊणएक घटका यात फारशी मोजावी लागत नाही. मात्र चार दिवसांचा अभ्यासक्रम पुरा करणाऱ्या मुलांनी शेवटच्या दिवशी पाण्यातून निघून थेट घाटाची वाट धरू नये. एक रात्र किनाऱ्यावर काढावी, सोलकढी प्यावी आणि सकाळी निघावे.

सामानाकडे वळू. पहिल्यांदा पाण्यात जाणाऱ्याने काहीही विकत घेऊ नये. सगळे भाड्यात मिळते. खेळ आवडला तर प्रथम घ्यावा तो मास्क. पोहण्याचा गॉगल इथे कामाचा नाही, कारण नाक आतच असावे लागते. नाकातून हवा सोडून मास्कमधला दाब सारखा करायचा असतो. दुकानात मास्क पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवावा आणि नाकाने किंचित श्वास ओढावा. हात सोडल्यावरही तो चिकटून राहिला तर आपल्या चेहऱ्याचा, पडला तर दुसऱ्याच्या. भरघोस मिशा असलेल्यांच्या मास्कमध्ये पाणी झिरपते. त्यांनी मिशीला व्हॅसलिन लावावे किंवा परंपरेचा त्याग करावा. चष्मेवाल्यांसाठी नंबराच्या काचा असलेले मास्क मिळतात. माझ्या वयाच्या लोकांनी याची चौकशी जरूर करावी, नाहीतर पैसे भरून धुके पाहून यावे लागते.

त्यानंतर पायातले फिन्स आणि मग मनगटावरचा डाइव्ह काँप्युटर. तो खोली आणि वेळ मोजून नायट्रोजनचे खाते क्षणाक्षणाला लिहीत राहतो. हवेने फुगवायचे जाकीट आणि रेग्युलेटर या पुढच्या गोष्टी. रेग्युलेटर कुणा ओळखीच्याकडून जुना घ्यायचा असेल तर तो शेवटचा केव्हा उघडून तपासला याचा कागद मागावा. कागद नसेल तर ओळख किनाऱ्यावर ठेवावी. सिलिंडर मात्र विकत घेण्याच्या भानगडीत नवख्याने पडूच नये. त्याची ठरावीक मुदतीने दाबाची चाचणी करावी लागते आणि त्याची तारीख सिलिंडरवर ठोकलेली असते. भाड्याच्या सिलिंडरवर ती वाचण्याचा हक्क आपल्याला आहे. भरलेली हवा वास घेऊन पाहावी. तेलाचा किंवा धुराचा वास आला तर ती घेऊ नये.

१९८७ साली मालवणचे सागरी अभयारण्य जाहीर झाले, त्या सुमारास मी तिथल्या एका शाखेत होतो. होडीला इंजिन बसवायला कर्ज मागणारे गाबीत बांधव रोज समोर बसत. समुद्र हा त्यांचा तारण होता, पण तो कागदावर लिहायला रकाना नव्हता. अभयारण्याला त्यांचा विरोध होता आणि त्यामागे पोटाची भीती होती. त्यांच्यापैकी कित्येकांची मुले-नातवंडे आज पर्यटकांना हात धरून पाण्याखाली नेतात. निवृत्तीनंतर तिकडे गेलो, तेव्हा मीही नाव नोंदवायला उभा राहिलो. तिथल्या तरुणाने प्रकृतीचा छापील अर्ज पुढे केला. रक्तदाबाची गोळी घेतो, हे मी लिहिले. त्याने अर्ज वाचला, माझ्याकडे पाहिले आणि पैसे परत केले.

"काका, आज नाय. डॉक्टरांचो कागद घेवन येवा, मगे बघया. दर्यो खंय पळान जाता?"

त्या दिवशी त्याच्याकडे गर्दी नव्हती; एक गिऱ्हाईक सोडणे त्याला परवडणारे नसावे. कर्ज नामंजूर करणे हे मंजूर करण्यापेक्षा कठीण काम असते, हे मी जन्मभर पाहिले आहे. त्या नकारामुळेच माझा त्याच्यावर विश्वास बसला. घरी येऊन पट्ट्यावर चालण्याची हृदयचाचणी केली, डॉक्टरांचे प्रमाणपत्र घेतले आणि फेब्रुवारीत परत गेलो. सहा-सात मीटरवर वीसेक मिनिटे होतो. तिथे ऐकू येतो तो आपलाच श्वास. दर मीटरला कान दुखू लागत; नाक चिमटीत धरून हलकेच फुंकले की मोकळे होत. मनगटावरचा लाल गंडा तपकिरी-काळा दिसू लागला, कारण पाणी सर्वांत आधी लाल रंगच गिळते. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे मासे माझ्याकडे पाहून न पाहिल्यासारखे करीत निघून गेले. त्यांच्या गावात मी कोणी अधिकारी नव्हतो. ते मला फार बरे वाटले.

हा अर्ज पुष्कळ ठिकाणी नुसती सही घेऊन गुंडाळला जातो. दमा, हृदयविकार, फिट्स, कानाचे किंवा छातीचे ऑपरेशन, गर्भारपण यांपैकी काही असेल तर ते लपवण्यात शहाणपण नाही. साधी सर्दी असली तरी त्या दिवशी पाण्यात जाऊ नये. कान मोकळे झाले नाहीत तर पडद्याला इजा होते. आदल्या रात्रीची दारू आणि नुकतेच चेपलेले सुरमईचे ताट हेही वर्ज्य. आणखी एक बारीक गोष्ट. पाण्याखाली अंगठा वर केला तर त्याचा अर्थ 'झकास' नाही. त्याचा अर्थ 'मला वर न्या'. झकास सांगायचे तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा.

मात्र पाण्याखालच्या धोक्यांची चर्चा करताना आपण पाण्यावरचा धोका विसरतो. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीच्या समुद्रात वीस पर्यटकांना घेऊन स्कूबाहून परतणारी नौका उलटली आणि दोघांचा जीव गेला. पाण्याखालून सुखरूप वर आलेली माणसे किनारा दिसत असताना संकटात सापडली. २६ जानेवारी २०१४ रोजी पोर्ट ब्लेअरजवळ क्षमतेहून अधिक प्रवासी घेतलेली पर्यटकांची नौका बुडून २१ जण मरण पावले. दोन्ही वेळा स्कूबाच्या नळ्या-झडपांचा काही संबंध नव्हता. म्हणून नौकेत पाय ठेवण्याआधी डोकी मोजावीत. लाइफ जॅकेट मागून घ्यावे आणि बक्कल लावून बसावे. मांडीवर ठेवलेले जॅकेट हे नुसते ओझे. मेअखेरीस वारा फिरतो, लाटा वाढतात आणि पावसाळ्यात हा खेळ बंद ठेवतात. शेवटच्या आठवड्यात 'एवढी एक फेरी' मारण्याचा आग्रह पर्यटकाकडूनच होत असतो, हेही खरे आहे.

कुठे जावे? नवख्या मराठी माणसाला मालवण-तारकर्ली जवळ, भाषेची अडचण नाही आणि पाणी उथळ. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था तारकर्लीलाच आहे. पाणी बऱ्यापैकी नितळ मिळते ते डिसेंबर ते फेब्रुवारी. गोव्याला ग्रांद बेटाच्या आसपास जुन्या बुडालेल्या जहाजांचे अवशेष आहेत, पण पाणी अनेकदा गढूळ. कर्नाटकात मुरुडेश्वरहून नौकेने नेत्राणी बेटाला जातात. मासे भरपूर, मात्र समुद्र उघडा असल्याने बोट लागणाऱ्यांनी विचार करावा. अंदमानात हॅवलॉक, म्हणजे २०१८ पासूनचे स्वराज द्वीप, हे शिकण्यासाठी उत्तम. तिथे काही ठिकाणी किनाऱ्यावरून चालतच पाण्यात जाता येते, त्यामुळे घाबरट माणसाला धीर येतो. लक्षद्वीपची प्रवाळबेटे याहून नितळ, पण तिथे जायला परवाना लागतो. आपल्या विजयदुर्गाच्या पश्चिमेला शंभराहून अधिक किलोमीटरवर कान्होजी आंग्र्यांचे नाव लावणारा 'आंग्रिया बँक' हा बुडालेला प्रवाळपठार आहे. जगातली ही एकच बँक जी बुडालेली असूनही श्रीमंत आहे. पण ती नवख्यांसाठी नाही.

हात धरून मारलेली पहिली बुडी ही शिक्षण नव्हे, ओळख आहे. खरे शिकायचे तर तीन-चार दिवसांचा अभ्यासक्रम घ्यावा. त्यात दोनशे मीटर पोहणे, दहा मिनिटे तरंगणे, पाण्याखाली मास्क काढून पुन्हा लावणे, हवा संपली तर जोडीदाराची हवा घेणे हे सगळे करून घेतात आणि मग अठरा मीटरपर्यंत जाण्याचे प्रमाणपत्र मिळते. विमा काढताना 'साहसी खेळ वगळून' हे बारीक अक्षरातले वाक्य शोधावे. ते बऱ्याचदा असते आणि दाबाच्या कक्षातला उपचार स्वस्त नसतो. असे कक्ष मोजकेच आहेत, नौदलाच्या रुग्णालयांत आणि काही मोठ्या शहरांत. जिथे बुडी मारतो तिथून सर्वांत जवळचा कक्ष कुठे, हे आधी विचारून ठेवावे.

जाताना काही घेऊन येऊ नये. दगडी प्रवाळाला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात वाघाच्या पंगतीला बसवले आहे; त्याचा तुकडा खिशात घालणे हा गुन्हा आहे. फोटोसाठी माशांना पाव-बिस्किटे चारणे हेही थांबायला हवे. तापलेल्या समुद्रामुळे प्रवाळ पांढरे पडण्याची लाट १९९८ मध्ये जगभर आली होती आणि २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी अशी चौथी लाट जाहीर केली. आधीच आजारी असलेल्याच्या अंगावर पाय देऊन उभे राहू नये, एवढे तरी आपल्या हातात आहे.

शेवटी प्रश्न दराचाच उरतो. किनाऱ्यावर शेजारचा शंभर रुपये कमी घेतो म्हणून गिऱ्हाईक तिकडे वळते. मग पहिल्यालाही दर पाडावा लागतो. ते शंभर रुपये कुठून तरी निघतात: एका शिक्षकामागे दोन पाहुणे येतात, रेग्युलेटरची तपासणी पुढच्या हंगामावर जाते, नौकेत आणखी चार माणसे बसतात आणि प्रकृतीचा अर्ज न वाचता सही घेतली जाते. बँका अशाच बुडतात. एका दिवशी, एका मोठ्या चुकीने नव्हे. रोजच्या छोट्या सवलतींनी. मालवणच्या ज्या तरुणाने मला परत पाठवले, त्याच्यासारखे शेकडो तरुण त्या किनाऱ्यावर आहेत. त्यांना नकार देणे परवडेल इतका दर आपण द्यायला तयार आहोत का, हे पाण्यात उतरण्याआधी प्रत्येकाने स्वतःला विचारावे.